दमलेलं तांबं

“मॅडम, तांबं दमतं का हो?”

मैत्रीनं विचारलं आणि मागे सोनूला हसू आवरेना. पैज बसमध्येच लागली होती. “नववीपर्यंत बाकावरून मान वर केली नाहीस, तू सगळ्यांसमोर प्रश्न विचारणार?” असं आयुष म्हणाला आणि मैत्रीनं तिथल्या तिथे हात पुढे केला. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून तिला स्वतःचा आवाज फार आवडायला लागला होता.

दहावीचा वर्ग चाकणची एक कंपनी बघायला आला होता. तिथल्या केमिस्ट सादिका मॅडमनी नुकतंच सांगितलं होतं, की खोबरेलातल्या आम्लांना हायड्रोजन जोडला की पांढरंशुभ्र, मेणासारखं अल्कोहोल तयार होतं. “प्यायचं नव्हे रे बाबांनो, क्रीममध्ये घालायचं!” आणि ही सोयरीक जुळवते तांब्याची काळपट भुकटी. लग्न लावून देते, स्वतः बाजूला राहते.

सादिका मॅडम हसल्या नाहीत. “दमतं ना! आम्ल त्याला खातं. उष्णतेनं कण एकमेकांना चिकटून बसतात, मग हायड्रोजनला टेकायला जागाच उरत नाही. पण ते दमलंय हे आमच्या लॅबच्याही आधी ज्यांना कळतं, त्यांनाच विचार. बुद्धरत्नभाऊ, सांगा की पोरांना.”

पॅनेलसमोरचा निळ्या गणवेशातला माणूस वळला. मैत्रीचे कान तापले. पप्पा! ते याच कंपनीत आहेत हे तिनं वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं.

घरी कुणी कामाचं विचारलं की पप्पांचं ठरलेलं उत्तर, “काही नाही, काटा बघतो.” सोळा वर्षं तेच. मम्मी चिडवायची, “भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, त्याचाही काटा बघा जरा.”

पप्पांनी दाबाच्या गोल तबकडीवर बोट ठेवलं. “हायड्रोजन भरला की काटा वर जातो. भुकटी ताजी असली की घटाघटा पिते, काटा भरभर उतरतो. दमली की घोट घोट घेते. ही भुकटी अकराव्यांदा वापरतोय. बघा कसा रेंगाळलाय.”

सगळा वर्ग काट्याकडे बघत राहिला. आयुषसुद्धा.

“मग दमलेल्या भुकटीचं काय करता?” मैत्रीनं विचारलं. हे पैजेत नव्हतं.

“पिंपात भरून पाठवून देतो.” पप्पांनी बोटानं तबकडीची काच पुसली. “वाईट वाटतं.”

“काका भारी आहेत यार,” सोनू कुजबुजली.

“माझे पप्पा आहेत,” मैत्री म्हणाली. चांगली मोठ्यानं.

परतीच्या बसमध्ये तिनं खिडकीला डोकं टेकवलं. मोशी गेलं, भोसरी गेली, तिला पत्ताच नाही. डोळ्यांपुढे तांब्याचं अंगण पसरलं होतं. हायड्रोजन जोडीजोडीनं उतरत होता, हात सोडून एकेकटा होत होता आणि आम्लाला जाऊन बिलगत होता. अंगण हळूहळू गर्दीनं भरत चाललं. तांब्याचे कण एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपी गेले. वर हायड्रोजन घिरट्या घालत राहिला. त्यांना हळूच उठवायचं कुणी? हाक कशी मारायची? पिंपळे गुरव येईपर्यंत ती मनातल्या मनात वेगवेगळ्या हाका मारून बघत होती.

संध्याकाळी चहाबरोबर जुनाच विषय निघाला. जूनमध्ये डिप्लोमाचा फॉर्म भरायचा. घरात कधीच ठरलं होतं, ताथवड्याचं कॉलेज, कॉम्प्युटर.

“एसीत बसशील,” पप्पा म्हणाले. “आमच्यासारखं वासात, उकाड्यात उभं राहायला नको.”

“आणि हात बघ ह्यांचे,” मम्मी म्हणाली. “काळे ते काळेच.”

मैत्रीनं ते हात बघितले. याच हातांतून क्रीममध्ये जाणारं ते पांढरंशुभ्र अल्कोहोल निघतं. तिनं कप खाली ठेवला आणि स्पर्धेत उभी राहायची तशी ताठ उभी राहिली.

“मम्मी, पप्पा, मी कॉम्प्युटरला जाणार नाही. मी केमिकलचा डिप्लोमा करणार. दमलेलं तांबं परत ताजं कसं करायचं ते मी शिकणार आहे. आणि पप्पा, उद्यापासून रोज रात्री जेवताना मला सांगायचं, आज काटा कसा उतरला ते.”