पेपर पेटीत टाका आणि बसा

मित्रांनो, मी एक तक्रारपेटी आहे आणि आता चांगली सतरा वर्षांची जुनी झाले आहे. डोंबिवली पूर्वेला एका ट्रस्टच्या दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीशेजारी मी भिंतीला टांगलेली असते. लोक रागावले की माझ्याकडे येतात. खुशीत असलेला माणूस माझ्याकडे कधी फिरकला नाही, पण त्याबद्दल मी कुरकुर करत नाही. कुरकुर करणं लोकांचं काम, ती गिळणं माझं काम.

माझा जन्म ठाण्याला खोपटचा. एस. टी. डेपोच्या मागच्या गल्लीत साईनाथ मिस्त्रींचं दुकान होतं. त्यांनी शाळेच्या मोडक्या बाकाच्या फळ्या घेतल्या, रंधा मारला आणि मला घडवलं. माझ्या डाव्या अंगावर कोण्या विद्यार्थ्याने करकटकाने कोरलेला बदाम अजून आहे. तो मिस्त्रींनी मुद्दाम घासला नाही. माझ्या फटीच्या आत त्यांनी एक तिरकी पट्टी बसवली, म्हणजे कागद आत सरकेल, पण कोणाला बोटं घालून बाहेर ओढता येणार नाही. मला न्यायला आलेल्या शिपायाला ते म्हणाले होते, "एकदा आत गेलं की बाहेर काढून दाखवा." ते वाक्य ऐकून मी किती फुगले होते म्हणून सांगू. त्या पट्टीचा मला फार गर्व होता. पुढे तोच गर्व माझ्या अंगाशी आला.

सुरुवातीची वर्षं सोन्यासारखी गेली. तेव्हाचे मोठे डॉक्टर दर शनिवारी अकरा वाजता स्वतः येऊन मला उघडत. चिठ्ठ्या वाचताना कधी हसत, कधी कपाळाला आठ्या घालत. 'इंजेक्शन देणाऱ्या बाईंच्या बांगड्या वाजतात, त्यानेच मूल रडायला लागतं.' 'चार गोळ्या हव्यात तर दुकानवाला अख्खी पट्टी घ्या म्हणतो.' 'संडासात दिवा नाही, म्हाताऱ्या माणसाने काय करावं?' पुढच्या शनिवारपर्यंत दिवा लागलेला असे. माझ्या पोटातल्या कागदाने भिंतीवर उजेड पडतो, हे बघून मला धन्य वाटे.

मग डॉक्टर निवृत्त झाले. माझी किल्ली एका जुडग्यात गेली, जुडगा एका कपाटात गेला, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. भिंतीवर माझ्या शेजारी क्यूआर कोड आला. मोबाइलने तो टिपला की एक फॉर्म उघडायचा आणि आधी ई-मेल विचारायचा. गुडघे धरून आलेली माणसं तिथेच कंटाळत आणि मागच्या पावतीवर चार ओळी खरडून माझ्यात टाकत. चार वर्षं मला कोणी उघडलं नाही. माझ्या नावावर कोणीतरी मोफत नेत्रतपासणी शिबिराची जाहिरात चिकटवली. चिठ्ठ्यांबरोबर पोटात बिस्किटाचे कागद आले, रिक्षा स्टँडवरच्या जाहिराती आल्या, एकदा तर चघळलेलं च्युइंगगम आलं. तेही गिळलं.

खिडकीच्या आत शालूताई बसत. नऊ ते दोन त्या एकट्या. बाहेरच्या लोकांना त्यांची फक्त हनुवटीच्या वरची बाजू दिसे आणि आवाज मात्र पार रस्त्यापर्यंत जाई. "सुट्टे द्या." "जन्मतारीख सांगा, वय नको." "पेपर पेटीत टाका आणि बसा." ही पेटी म्हणजे मी नव्हे बरं का. खिडकीच्या कट्ट्यावर सलाइनच्या बाटल्यांचं रिकामं खोकं ठेवलेलं होतं, त्यात केसपेपर टाकायचे आणि नाव पुकारेपर्यंत थांबायचं, अशी पद्धत होती. रोजच्या लोकांना ते माहीत होतं. नवख्याला मात्र कळायला मार्ग नव्हता.

आता मी तुम्हाला ज्या गुरुवारची गोष्ट सांगणार आहे, त्या दिवशी दिवा गावाहून तीन माणसं आली. धाकू गावडे, त्यांची बायको विमलाबाई आणि लेक प्राची. विमलाबाईंच्या हृदयाची झडप खराब झालेली. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात शनिवारी ऑपरेशन ठरलेलं, पण आमच्या हृदयाच्या डॉक्टरांचं सहीचं मूळ पत्र, दवाखान्याच्या शिक्क्यासह, त्याच गुरुवारी दुपारी दोनच्या आत तिथे पोचायला हवं होतं. नाहीतर नंबर दुसऱ्याला, आणि पुढची तारीख अडीच महिन्यांनी. डॉक्टर महिन्यातून एकदाच येत. त्यांनी सकाळी पत्र लिहिलं, सही केली आणि लगेच गावी निघून गेले. आता फक्त शिक्का राहिला होता.

प्राची माजिवड्याला एका कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये कामाला. अर्धी सुट्टी मागून आलेली. बाकावर बसल्या बसल्या तिचा साहेब फोनवर तिला विचारत होता की आईला दाखवायला दुसरं कोणी नाही का. ती "हो सर, येते सर" म्हणत होती आणि दुसऱ्या हाताने आईची पाठ चोळत होती. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "पेपर पेटीत टाका आणि बसा."

धाकू उठले. छत्तीस वर्षं त्यांनी खोपटच्या डेपोत गाड्या दुरुस्त केल्या होत्या. तिथे साहेबांच्या खिडकीशेजारी लाकडी पेटी असे, आणि दिवसभराच्या कामाचा कागद चौघडी करून त्यात टाकला की कामगार मोकळा. खोक्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. त्यांचा हात सवयीने माझ्याकडे वळला. पत्राची नीट चौघडी करून त्यांनी ते माझ्या फटीत सरकवलं, वर एक टिचकी मारली आणि येऊन बसले.

मला कळलं होतं. पण पेटीला तोंड असतं ते घेण्यापुरतं, बोलण्यापुरतं नसतं. साईनाथ मिस्त्रींची पट्टी आपलं काम चोख बजावत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिची लाज वाटली.

दीड तास गेला. सांगितलंय बसा म्हणून धाकू बसून राहिले. शेवटी प्राची खिडकीशी गेली. शालूताईंनी खोकं उपडं करून दाखवलं. पत्र नव्हतं.

"माझ्याकडे आलंच नाही," शालूताई म्हणाल्या.

"मॅडम, बाबांनी टाकलंय. तुम्हीच सांगितलेलं टाका म्हणून."

"मग मी काय खाल्लं का ते?"

झालं. रांगेतल्या सगळ्यांना तोंड फुटलं. एकाला मागच्या आठवड्यात परत पाठवलेलं, एकीला सुट्ट्या पैशांसाठी दोनदा रस्ता ओलांडायला लावलेला. जो तो शालूताईंवर तुटून पडला. तेव्हा दारावरचा रामा वॉचमन पुढे आला आणि हळूच म्हणाला, "अहो, काकांनी त्या लाकडी पेटीत टाकलेलं. मी बघितलं. मला वाटलं, तक्रार असेल काहीतरी."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत एवढे डोळे माझ्यावर एकदम कधी पडले नव्हते.

रामाने तार घालून बघितली, फूटपट्टी घालून बघितली. काही निघेना. शालूताईंनी ट्रस्टच्या ऑफिसात फोन लावला. तिकडून उत्तर आलं की किल्ली सापडत नाही, आणि पेटी तोडायची तर समितीचा ठराव लागेल, समिती सोमवारी बसते. प्राचीने फोन घेतला, तर तोवर तिकडे रेकॉर्ड लागली होती. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, कृपया प्रतीक्षा करा. प्राची ते ऐकत तशीच उभी राहिली. "हेच मी दिवसातून दीडशे वेळा बोलते, आई," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

बायकोकडे बघायची धाकूंची हिंमत होईना. "मीच टाकलं गं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझ्याच हाताने टाकलं."

विमलाबाईंनी श्वास गोळा केला. "अहो, पेटीच आहे ती. विहीर आहे का? उघडा की. आख्खी एस. टी. उघडायचात तुम्ही."

खिडकीच्या आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाजूचं दार उघडून शालूताई बाहेर आल्या. मित्रांनो, मी त्यांना पहिल्यांदाच पूर्ण बघितलं. बुटक्या, पायाला पट्टा बांधलेला, चालताना किंचित लंगडत. त्यांनी जाडं रजिस्टर बाकावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोलत लिहिलं, "तक्रारपेटी माझ्या सांगण्यावरून उघडली. जबाबदारी माझी." खाली सही केली, वेळ टाकली. मग धाकूंकडे वळल्या. "काका, करा सुरू. ठरावाचं मी बघते."

धाकूंनी चष्मा पुसला. माझ्या बिजागरीवरून त्यांनी अंगठा फिरवला, तशी मी ओळखलं की हा जाणत्याचा हात आहे. "तोडायची गरज नाही," ते म्हणाले. "चार स्क्रू आहेत. गंजलेत तेवढे." विमलाबाईंच्या पिशवीत गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली होती. ते तेल थेंब थेंब स्क्रूंवर सोडलं. रामाने मीटरच्या खोलीतून पेचकस आणला. पहिला स्क्रू सुटला, दुसरा सुटला, तिसरा रडत रडत सुटला. चौथा काही केल्या हलेना. तेव्हा धाकू माझ्या फळीला हात लावून पुटपुटले, "माफ कर गं बाई," आणि त्यांनी जोर लावला. माझी कड चिरफाळली. दुखलं, खोटं कशाला बोलू. पण एवढं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

चार वर्षांच्या चिठ्ठ्या फरशीवर ओसंडल्या आणि सगळ्यांत वर ती चौघडी होती. शालूताईंनी तिथेच उभ्याने शिक्का मारला, जावक नंबर घातला. सव्वाबारा वाजले होते. प्राची पत्र छातीशी धरून पळाली. रिक्षावाल्याला रामाने आधीच थांबवून ठेवलं होतं.

विमलाबाई आणि धाकू बाकावर थांबले. नुसतं बसवेना म्हणून धाकू चिठ्ठ्या गोळा करू लागले. रांग संपल्यावर शालूताईही खाली बसल्या आणि एकेक वाचू लागल्या. खिडकीवरच्या बाई ओरडतात. खिडकीवरच्या बाई नीट सांगत नाहीत. खिडकीवरच्या बाई माणसाकडे वर बघत नाहीत. अशा सत्तेचाळीस निघाल्या. त्यांनी त्या सगळ्या वाचल्या, एकही खाली टाकली नाही. "खरं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "नऊ ते दोन मी पाणी पीत नाही. प्यायले तर उठावं लागतं, आणि उठले की रांग ओरडते. मग मी आधीच ओरडते."

विमलाबाईंनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. शालूताईंनी ती घेतली आणि अर्धी रिकामी केली.

दोनला दहा मिनिटं असताना धाकूंचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, ऐकलं आणि बायकोकडे बघून नुसती मान हलवली. पत्र पोचलं होतं. विमलाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. रामाने टोपी काढून घाम पुसला. माझा जीव भांड्यात पडला.

जाण्याआधी धाकूंनी एका पावतीच्या मागे काहीतरी लिहिलं. शालूताई म्हणाल्या, "तक्रार असेल तर पेटीत टाका, आता उघडीच आहे."

"नको," धाकू म्हणाले. "त्या पेटीत एकदा टाकून बघितलंय." आणि त्यांनी तो कागद शालूताईंच्या हातात दिला. त्यावर काय होतं ते मला दिसलं नाही. त्यांनी मात्र तो दोनदा वाचला आणि मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवून ठेवला.

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. मधल्या काळात रजिस्टरमधल्या सहीपायी शालूताईंना ट्रस्टच्या ऑफिसात बोलावणं आलं. त्या रिकाम्या हाताने गेल्या नाहीत, माझ्या पोटातल्या सगळ्या चिठ्ठ्या पिशवीत भरून गेल्या. वर एक त्यांची स्वतःचीही होती, की खिडकीवर दुसरी बाई द्या. दुसरी बाई अजून आलेली नाही. पण अकराला दहा मिनिटं खिडकी बंद ठेवून पाणी प्यायची परवानगी मिळाली, आणि तशी पाटी लागली. लोक थांबतात. कोणी ओरडत नाही.

मला धाकूंनीच येऊन दुरुस्त केलं. चिरलेल्या कडेला पट्टी ठोकली, जाहिरात खरवडून माझं नाव पुन्हा रंगवलं आणि कुलपाऐवजी साधी कडी लावली. दर शनिवारी अकरा वाजता शालूताई ती उघडतात.

मागच्या शनिवारी विमलाबाई आल्या. तीन पायऱ्या न थांबता चढल्या. शालूताईंना नाचणीच्या लाडवांचा डबा दिला, रामाची चौकशी केली, मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आजारपणात या बाईने कोणाबद्दल एक शब्द वाकडा काढला नव्हता, तेवढा श्वासच नव्हता त्यांच्याकडे. त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली आणि माझ्यात टाकली.

शालूताईंनी ती लगेच काढून वाचली आणि हसत सुटल्या. लिहिलं होतं, 'बाक फार बुटका आहे. पंखा कुरकुरतो. आणि पाणी गरम येतं. विमल धाकू गावडे, दिवा.'

मित्रांनो, माझ्यासारखी पेटी कुठे दिसली तर रागाच्या चिठ्ठ्या तिच्यात जरूर टाका, पण तिची किल्ली कोणाकडे आहे तेही विचारा. आभार मानायचे असतील तर मात्र कागद पेटीत टाकू नका, ज्याच्या त्याच्या हातात द्या. आणि घरातलं आजारी माणूस बरं होऊन पुन्हा कुरकुर करायला लागलं, तर त्याच्यावर रागावू नका. सतरा वर्षांत हजारो तक्रारी गिळल्या मी. विमलाबाईंच्या तक्रारीइतकी गोड एकही नव्हती.