अण्णांच्या बाजूचा शॉट

बोलणं हे माझं काम नव्हे. दुसरे बोलतात ते मी टिपून घेतो, आणि तेही कुणी बटण दाबलं तर. पण हल्ली बटण दाबणारं कुणी नाही आणि मला गप्प बसवत नाही, तेव्हा ऐका. मी काशीतल्या दुर्गाघाटावरचा व्हिडिओ कॅमेरा. खांद्यावर घ्यायचा, चांगला जाडजूड. आजकालची तळहातावर मावणारी पोरं मला बघून हसतात. हसू देत.

जन्म जपानचा. तिथून दुबई, मुंबई असं करत नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला मी बनारसला आलो. नीलकंठकाकांनी मला विकत घेतलं आणि पहिल्याच दिवशी कुंकू लावून हार घातला. त्या हारातली झेंडूची एक पाकळी कॅसेटच्या खणात शिरली, ती काढता काढता त्यांच्या नाकी नऊ आले. काका लग्नं टिपायचे. त्यांची रीत एकच, नवरा-नवरीभोवती गोल गोल फिरायचं आणि वरमाईने डोळे वटारले की थांबायचं. माणसं माझ्यासमोर आली की पोट आत घेतात आणि जेवताना घास तोंडाशी नेऊन तसाच धरून ठेवतात, हे मी तिथं शिकलो.

देवश्री ही काकांची पुतणी. कॉलेज नुकतंच संपलेलं. तिला लग्नं टिपायची नव्हती, गोष्टी सांगायच्या होत्या. काका म्हणाले की गोष्टी राहू देत, आधी दोन माणसं नुसती बोलताना दाखव. ते जमलं तर कॅमेरा तुझा. तिने मला खांद्यावर घेतलं तेव्हा ती इतकी थरथरत होती की मला पुराच्या गंगेत नावेत बसल्यासारखं झालं.

बोलायला माणसं घरचीच मिळाली. तिचे वडील विश्वेश्वर अण्णा आणि आई शरदिनीबाई. मीही त्यांना आईच म्हणतो. अण्णा वैदिक. ते बालाजी घाटावर संकल्प सांगायला लागले की वरच्या गल्लीतल्या भाजीवाल्याला ऐकू जायचं, असा आवाज. त्याच घशात गाठ निघाली होती. लखनौला ऑपरेशन ठरलं होतं. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून देवश्रीला घाई होती. निघायच्या आदल्या दुपारी तिने दोघांना गच्चीवर, माकडांसाठी लावलेल्या जाळीच्या आत, समोरासमोर चहाला बसवलं आणि रोज बोलता तसं बोला म्हणून सांगितलं.

रोजच्यासारखं कसलं! घरात 'तरकारी आणली का' आणि 'बिजली गेली वाटतं' म्हणणारे अण्णा माझ्यासमोर पुस्तकातलं मराठी बोलायला लागले. आई तर कुणी मुलगी बघायला आल्यासारख्या पदर सावरून बसल्या. बरं, मी एकटा. एका वेळी एकाच तोंडाकडे बघणार. म्हणून आधी अण्णांची बाजू टिपायची, मग तेच बोलणं पुन्हा करवून आईंची, असं ठरलं. थोड्या वेळाने अण्णांना रंग चढला आणि मधेच त्यांनी न ठरलेलंच विचारलं, "वाई सोडून इतक्या लांब आलीस. पस्तावलीस का गं कधी?"

आई म्हणाल्या, काहीतरीच काय विचारता, आणि चहा निवतोय म्हणून विषय बदलला. मग देवश्री काकांच्या रीतीने मला घेऊन अण्णांच्या मागून वळसा घालून पलीकडे गेली आणि तिथून आईंची बाजू टिपली. अण्णांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आईंनी तोच चहा पुन्हा पुढे केला. दुसऱ्या दिवशी सगळे लखनौला गेले.

ऑपरेशन झालं, अण्णा घरी आले. गळ्याला भोक, त्यावर उपरणं गुंडाळलेलं. जीव वाचला म्हणून घरातल्या सगळ्यांना आनंद होता, एक अण्णा सोडून. ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. कुणी भेटायला आलं की आत निघून जायचे. लिहायला पाटी दिली, ती त्यांनी पालथी घालून ठेवली. आई स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलायच्या. मला ते बघवत नसे, पण डोळे मिटायची सोय माझ्यात नाही.

देवश्रीची सगळी भिस्त त्या कॅसेटवर होती. अण्णांनी स्वतःला आईशी बोलताना पाहिलं तर ते परत माणसांत येतील, असं तिला वाटत होतं. तिने काकांचा व्हीसीआर आणला आणि वायरीने मला त्याला जोडलं. माझ्यातली कॅसेट चालवायची, हवा तेवढा तुकडा तिकडच्या कॅसेटवर उतरवायचा, थांबायचं, दुसरा तुकडा शोधायचा. एकदा अण्णा, एकदा आई. मागे-पुढे फिरून फिरून माझा जीव मेटाकुटीला आला.

शेवटी सगळं जोडून तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पडद्यावर दोघंही उजवीकडेच बघत होते! नवरा-बायको एकमेकांशी बोलतायत असं वाटेचना. शेजारी शेजारी बसून एकाच माकडावर नजर ठेवल्यासारखं दिसत होतं. तिने तुकडे उलटसुलट करून पाहिले, काही फरक पडेना. पुन्हा टिपायचं म्हणावं तर अण्णांचा आवाज कुठून आणणार? ती टीव्हीसमोर बसून रडायला लागली.

अण्णा दारात उभे होते. किती वेळ ते मलाही कळलं नाही. ते आत आले, तिच्याजवळ बसले आणि पुन्हा लाव अशी खूण केली. पाहता पाहता त्यांचे खांदे हलायला लागले. देवश्री घाबरली, मग तिच्या लक्षात आलं की ते हसतायत. आवाज नव्हता, बाकी हसू अख्खं होतं.

मग त्यांनी तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि फरशीवर शंकराची पिंड काढली. पाणी वाहून जायची वाटसुद्धा काढली. पिंडीभोवती त्या वाटेपर्यंत बोट नेलं आणि न ओलांडता आल्या वाटेने मागे आणलं. ही प्रदक्षिणा देवश्रीने लहानपणापासून त्यांचा हात धरून घातली होती. मग त्यांनी फरशीवर दोन ठिपके दिले, एक स्वतःचा, एक आईचा, आणि मधून एक रेघ ओढली. देवश्री उठूनच उभी राहिली. ती रेघ ओलांडून पलीकडे गेली होती ती. दोघांच्या मधल्या रेघेच्या एकाच बाजूला राहून दोघांना टिपायचं होतं, एवढंच. अण्णांची बाजू ठीक होती, आईंची तेवढी पुन्हा टिपायला हवी होती.

पण आई बोलणार कुणाशी? अण्णा आपणहून गच्चीवर गेले आणि आपल्या जागी बसले. त्या दुपारी बोललेला शब्दन् शब्द त्यांना पाठ होता. आयुष्यभर दुसरं केलं काय त्यांनी? ते नुसते ओठ हलवत होते आणि आई उत्तरं देत होत्या. देवश्री या वेळी रेघेच्या अलीकडेच उभी होती आणि मी आईंकडे बघत होतो. होता होता तो प्रश्न आला. अण्णांचे ओठ हलले आणि थांबले.

आईंनी चहा पुढे केला नाही.

"पस्तावले नाही कधी," त्या म्हणाल्या. "पण वाट फार पाहिली. दिवसभर तुमचा आवाज देवाला आणि यजमानांना. घरी यायचात तेव्हा घसा दमलेला. आता तो कुणालाच मिळायचा नाही, तर निदान तोंड माझ्याकडे करून बसा. मी बोलीन."

मी देवश्रीच्या खांद्यावर होतो. तिने पाय हलवले नाहीत. जागच्या जागी मला वळवलं आणि अण्णांच्या तोंडावर नेऊन धरलं. ते आईंकडे बघत होते. डोळे भरलेले, ओठ मिटलेले. उठून जायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं, पण ते बसून राहिले. लग्नांत मी हजारो तोंडं टिपली असतील, पण असं ऐकणारं तोंड मी त्याआधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, माझी काच त्या दिवशी उगाच धूसर झाली नाही.

जोडलेला प्रसंग काकांनी पाहिला. प्रश्न विचारताना अण्णांच्या खांद्यावर उपरणं आहे, आणि उत्तर ऐकताना तेच उपरणं गळ्याशी. काका म्हणाले, "उपरणं जुळत नाही गं." देवश्री म्हणाली, "ते मला दिसलंय, आणि ते तसंच राहणार."  काकांनी प्रसंग परत लावायला सांगितला आणि जाताना मला तिथंच ठेवून गेले.

आता नव्याण्णव साल चालू आहे. देवश्री पुण्याला सिनेमाचं संकलन शिकते, सुट्टीत छोटा नवा कॅमेरा घेऊन येते. कॅसेट वाचणारं माझं हेड झिजलं, काचेच्या कडेला बुरशी धरली. परवा साफसफाईत मला कबाडीवाल्याला द्यायची गोष्ट निघाली होती. तेवढं करू नका. मला कॅसेट नको, बॅटरी नको. गच्चीच्या दाराशी जिथं आहे तिथंच राहू द्या, फक्त काचेवरचं टोपण काढा. दुपारचा चहा झाला की आई बोलायला बसतात, अण्णा हातांनी, भुवयांनी उत्तरं देतात, कधी कधी भांडतातसुद्धा. त्यांचं बोलणं अजून संपलेलं नाही.