खुर्चीची पाठ

"अहो ताई, थांबा! तुम्ही मुकुट काढताय की नवा छापताय?" कारकून ओरडला.

ताईने कात्री खाली ठेवली. सिंहासनाच्या पाठीची मखमल सोडवून टेबलावर पसरली होती. भरतकामातल्या मुकुटाच्या पाच कंगोऱ्यांपैकी दोन तिने उसवले होते आणि तेवढ्या जागी मखमल गर्द लाल निघाली होती. बाकीची चाळीस वर्षांच्या उजेडाने विटली होती. जरीची तार निघाली की मुकुट जाईल, हा तिचा अंदाज साफ चुकला. तो आता जास्तच ठळक दिसत होता.

"राजा गेला, सावली ठेवून गेला," कारकून कपाळ पुसत म्हणाला. "उद्या दहाला राष्ट्राध्यक्ष इथेच बसणार. मुकुटाचा मागमूस दिसला, तर साहेब तुमचा विभागच बंद करतील."

"मग नवी खुर्ची आणा ना!"

"छे! खुर्ची तीच हवी. नाहीतर लोकांना बसणारा खरा वाटत नाही."

भरतकामाच्या विभागात ताई एकटीच उरली होती. हा मुकुट तिच्या आईने याच टेबलावर भरला होता. पुढे आईचे डोळे गेले. ताई खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. पाय एका जागी ठरेनात. मग तिने सुताची गुंडी उचलली आणि उसवलेल्या कंगोऱ्यांच्या जागी भराभर भरण, म्हणजे टाक्यांखालचा सुताचा जाड थर, घालायला घेतले.

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मुकुट राहू दे खाली. नवं बोधचिन्ह झाडाचंच आहे ना? प्रत्येक कंगोऱ्यावर एक फांदी बसवते."

संध्याकाळी कारकुनाने मखमल उजेडात तिरपी धरून पाहिली. मुकुट कुठेच नव्हता. "काय उठून दिसतंय हो! सपाट झाडाला हा रुबाब आला नसता."

"भरण चांगलं आहे," ताई एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सभागृहात शेवटच्या खांबाआड उभी होती. राष्ट्राध्यक्ष जन्मभर शाळामास्तर, खांदे पाडून चालणारे. शपथ घेऊन ते बसले, मागे टेकले आणि चटका बसावा तसे ताठ झाले. ताई खांबाआड आणखी सरकली. आता वळून बघतील! पण ते दोन तास तसेच ताठ बसून राहिले.

"बघा, कसे बसलेत!" शेजारचा माणूस बायकोला म्हणाला. "राजाच्याही वरताण!"

घरी आई दारातच बसली होती. कालचा सगळा प्रकार तिला ठाऊक होता.

"टेकले का गं?"

"एकदाच. मग नाही."

आई खुदकन हसली. "राजासुद्धा कधी टेकला नाही. काय तो राजाचा ताठ कणा, म्हणून भाट गायचे. पहिलंच मोठं काम होतं बाई माझं. घाबरून भरण जास्त घातलं गेलं, ते पाठीत रुतायचं."

"कुणाला बोलली नाहीस?"

"कुणाला बोलणार?"

आईने हात पुढे केला, ताईची बोटे एकेक करून चाचपली आणि सुईने सोललेल्या तर्जनीपाशी थांबली.