थोरलीचं हसू

परग्रहावरून आलेल्या मांजरांची कार्टून मालिका आमच्या स्टुडिओत बनते. चौघी लाँड्रीच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतात आणि वॉशिंग मशीनलाच पृथ्वीचा राजा समजून रोज सकाळी वाकून सलाम करतात. मुलांना भारी आवडतं. मला विचाराल तर आता त्या मांजरांची तोंडं बघवत नाहीत, पण पोट त्यांच्यावरच चालतं. त्यातली थोरली माझ्या वाट्याची. तिची हालचाल, तिचे हावभाव मी काढते.

त्यांच्या ग्रहावर हसणं नसतं. या भागात छत्री उलटी झालेला माणूस बघून थोरली आयुष्यात पहिल्यांदा हसते, आणि तिथेच माझं गाडं अडलं. आमच्यात प्रत्येकाच्या टेबलावर आरसा असतो. पात्राचा चेहरा काढायचा तर आधी तो आपल्या तोंडावर आणून बघायचा. मी आठवडाभर आरशात दात विचकत होते.

"आवाजाला तोंड बरोबर बसलंय," दिग्दर्शक म्हणाले. "पण डोळे हसत नाहीयेत, बाई. नको असलेले पाहुणे दारात आल्यावर हसावं तशी हसतेय ती." मग आवाज खाली आणून म्हणाले, उद्यापर्यंत जमलं नाही तर थोरली दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल. माणूस वाईट नाही. त्यांच्याही मानगुटीवर कुणीतरी बसलेलंच आहे.

थोरली गेली म्हणजे माझं कामच गेलं. नवरा दूरच्या शहरात नोकरीला, घरात मी आणि लेक. घरी येऊन कुकर लावला आणि फोनमध्ये स्वतःचा एखादा हसरा व्हिडिओ मिळतो का ते शोधत बसले. कसला मिळतोय. सगळीकडे लेक. लेक रांगतेय, लेक पडतेय, लेक बाबाची चप्पल डोक्यावर ठेवून ऐटीत चाललीये. फोन कायम माझ्या हातात, मग मी दिसणार कशी? त्या चपलेच्या व्हिडिओत मात्र मागून कुणीतरी खो खो हसतंय, इतकं की चित्र गदागदा हलतंय.

लेक अभ्यास सोडून आली. "आई, ही कोण हसतेय?"

"मी."

"चल, काहीतरीच. तू कुठे अशी हसतेस?"

मला राग आला. मग रागवायचंही त्राण उरलं नाही. खोटं थोडंच बोलत होती पोर. ती पुन्हा दप्तराकडे वळली आणि मी व्हिडिओ परत लावला. चप्पल घसरल्यावर इवलीशी लेक मान वर करून फोनमागच्या त्या बाईकडे बघते. ती हसतेय म्हणून हीसुद्धा हसते. आधी डोळे, मग गाल, मग सगळं अंग. तेव्हा तिला ती बाई पक्की ठाऊक होती. मला इतकं भरून आलं की कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्षच राहिलं नाही.

तेच डोळे मी थोरलीला दिले. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांनी शॉट बघितला, "हं, आता हसली," म्हणाले आणि थोरली माझ्याकडे राहिली. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त झोप येत होती.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा लेक माझ्या मांडीवर पाय टाकून बघत होती. थोरली हसली तशी तीही फिसकन हसली आणि म्हणाली, "आई, ही अगदी कुणासारखी तरी हसते गं."

"तुझ्यासारखी," मी म्हटलं.

ते तिला लगेच पटलं.