अंगठा उचलायची जागा

“मामा, आधी टेपची कॉपी काढून ठेवायची का?” स्टुडिओवाल्या बाईंनी विचारलं.

मामांचा उजवा हात तेव्हा खिशात होता. खिशात तो काय करत होता, ते मामांनाच ठाऊक.

“कशाला? एका शब्दाची तर जागा. अशा जागा डोळे मिटून भरल्यात मी.”

“भरल्यात हो. पण हा टेक परत मिळायचा नाही, म्हणून विचारलं.”

“कॉपीत आवाज मळतो, असं तुम्हीच म्हणता ना बाई?”

बाईंनी खांदे उडवले. मागच्या सोफ्यावर अल्बम काढणारा कंपनीवाला पाय हलवत बसला होता. टेप हातात मिळाल्याशिवाय उठणार नाही, असं त्याने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. काचेपलीकडे ठिणगी माईकसमोर उभी होती. तिने हेडफोन कानांवर चढवला आणि काचेतून एकट्या मामांकडे पाहिलं. “मामा, सांभाळून हं,” एवढंच म्हणाली.

“काळजी नको पोरी.”

स्टुडिओत मामांचं काम टेप चालवण्याचं. गाण्यात एखादा शब्द बदलायचा झाला, की टेप थोडी मागे घ्यायची, गाणाऱ्याने जुन्या आवाजाबरोबर गात यायचं, आणि नेमक्या त्या शब्दावर मामांनी लाल बटण अंगठ्याने दाबून धरायचं. जोवर अंगठा खाली, तोवर जुनं पुसलं जातं आणि नवं त्याच जागी बसतं. शब्द संपला की अंगठा वर. लवकर उचलला तर जुन्या शब्दाचं शेपूट मागे राहतं. उशिरा उचलला तर पुढचं पुसलं जातं, आणि पुसलेलं परत येत नाही. सगळ्या कारकिर्दीत मामांचा अंगठा कधी चुकला नव्हता. वादक थट्टेने म्हणत, मामांना सही येत नसती तरी चाललं असतं, त्यांचा अंगठाच सहीपेक्षा भारी.

तो अंगठा हल्ली थरथरायला लागला होता. नेहमी नाही. पाऊल न वाजवता येणाऱ्या पाहुण्यासारखा तो कंप यायचा, थोडा वेळ बसायचा, निघून जायचा. घरी बायको आताशा चहाचा कप अर्धाच भरून द्यायची. दोघांपैकी कुणीच त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. स्टुडिओत मामा हातात पेन्सिल घट्ट धरून ठेवत. पेन्सिल नसली तर खिसा. कॉपीला हो म्हटलं असतं, तर बाईंनी एकदा तरी हाताकडे पाहिलं असतं. म्हणून कॉपी नको.

आणि आज त्या एका शब्दाच्या पाठीला पाठ लावून दुसरं काहीतरी उभं होतं.

ठिणगी रॅप करायची आणि तिचा धाकटा भाऊ लंबू इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. रॉकवाली मंडळी म्हणत, ही पोरगी गात नाही, नुसती बडबडते. रॅपवाली पोरं म्हणत, त्या गिटारीपेक्षा पत्र्याचं दुकान बरं. बाईंनी मात्र या दोघांचा अख्खा अल्बम करायला घेतला होता. सुरुवातीला त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, तर ते शेजारच्या दोन घरांतल्या रेडिओंसारखं वाजलं. मग एके दिवशी बाईंनी दोघांना एकाच खोलीत समोरासमोर उभं केलं. ती शब्द फेकून मारायची, तो तारांनी परतवायचा. ती आवाज चढवायची, हा आणखी चढवायचा.

“बाई, हे गाणं आहे की घरातलं भांडण?” मामांनी विचारलं होतं.

“दोन्ही. तुम्ही टेप थांबवू नका.”

भांडण खरंच होतं. वडील गेले त्या दिवशी लंबू कुठल्याशा कार्यक्रमात वाजवत होता आणि घरचा फोन त्याने उचलला नव्हता. “तो मरत होता आणि तू तारा जुळवत बसला होतास,” असं ठिणगी सगळ्यांसमोर बोलून गेली. त्या दिवसापासून लंबूने तिला ताई म्हणणं सोडलं. ‘ए’, ‘ऐक’, नाहीतर काहीच नाही.

आजचं गाणं त्या वडिलांचंच होतं. लिफ्ट दुरुस्त करायचे ते.

*बाप माझा लिफ्टवाला, तेल लावी दोराला,*
*गाव चढलं वर वर, हा तळाशी उरला.*
*चढा, चढा, काचेच्या घरातल्या पाहुण्यांनो,*
*कधी बघितलं खाली वाकून, कोण ओढतो…*

आणि इथे ठिणगीने एक कचकचीत शिवी हासडली होती. त्या शिवीवर गिटार एकदम थांबायची, आणि मग त्या शांततेत शेवटची ओळ यायची: *बाबा, आता वर या. दार मी धरलंय.*

टेक झाला त्या दिवशी शिवीनंतर ठिणगीचा गळा दाटला होता. शेवटची ओळ येईना. त्याच क्षणी समोरून लंबू हळूच म्हणाला, “बोल, ताई.” आणि ती बोलली. डोक्यात रक्त चढलेलं, कानांवर हेडफोन; त्या वेळी तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. टेप परत लावल्यावर ते तिच्या माईकमध्ये सापडलं, लांबून, दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारावी तसं. लंबू तोवर बॅग उचलून घरी गेला होता. त्यानंतर रोज, काम सुरू व्हायच्या आधी, ती आत डोकवायची.

“मामा, ती जागा लावा ना जरा.”

मामा लावायचे. ती भिंतीला टेकून ऐकायची आणि कामाला जायची.

आता कंपनी म्हणत होती, शिवी काढा, नाहीतर अल्बम बाहेर पडणार नाही. ठिणगीने आधी थयथयाट केला, मग स्वतःच शब्द शोधून आणला: शहाण्यांनो. यमकही बसत होतं. फक्त शिवी आणि ‘बोल, ताई’ यांच्यामध्ये पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच फट होती.

“एकदा कोरडं करून बघू, बटण न दाबता,” बाई म्हणाल्या.

टेप फिरली. मामांनी अंगठा बटणाच्या वर, हवेत धरला. *कोण ओढतो…* अंगठा खाली. *शहाण्यांनो.* अंगठा वर. लगेच स्पीकरमधून आलं, “बोल, ताई.” अगदी बरोबर. मामांनी श्वास सोडला.

“झकास. आता खरं,” बाई म्हणाल्या.

“लवकर करा हो, खाली गाडी थांबलीय,” कंपनीवाला म्हणाला.

टेप मागे गेली. चाकं सावकाश फिरू लागली. मामांनी अंगठा बटणावर टेकवला, आणि तो पाहुणा आला. आधी मनगटात, मग तळव्यात. मामांनी दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं, जसं रडणाऱ्या पोराला धरावं. *बाप माझा लिफ्टवाला…* थांबायला अजून वेळ होता. मनगट सोडून तो हात नुसता पुढे केला असता तर टेप थांबली असती. *गाव चढलं वर वर…* मामांनी मनगट आणखी आवळलं. *चढा, चढा…* काचेपलीकडे ठिणगीने डोळे मिटले. *कोण ओढतो…*

मामांनी दाबलं.

“शहाण्यांनो!” ठिणगीने असं झणझणीत फेकलं की बाईंच्या तोंडून “वा!” निघालं.

मामांनी अंगठ्याला वर बोलावलं. अंगठा आला नाही. बटणावरच तो थडथडत राहिला, दार वाजवणाऱ्या माणसासारखा, आणि उठला तेव्हा लाल बटणाने जे खायचं ते खाल्लं होतं.

बाईंनी टेप मागे घेऊन लावली. *कोण ओढतो, शहाण्यांनो.* मग काहीच नाही. मग, *बाबा, आता वर या. दार मी धरलंय.*

“अरे!” कंपनीवाला सोफ्यावरून उठलाच. “ही शांतता आधी एवढी रिकामी नव्हती ना? काय जागा सोडलीय! काटा आला अंगावर. हीच ठेवा.”

बाईंनी वळून पाहिलंही नाही. त्या मामांकडे बघत होत्या.

आतून ठिणगीचा आवाज आला. “मामा, परत लावा.”

मामांनी लावलं.

“परत.”

“नाही पोरी,” मामा माईकवर वाकून म्हणाले. “तिथं आता काही नाही. माझा अंगठा उशिरा उठला.”

“कॉपी असेल ना?”

“बाई काढू म्हणत होत्या. मीच नको म्हणालो.”

आणि मग मामांनी उजवा हात सगळ्यांच्या समोर टेबलावर ठेवला. ना पेन्सिल, ना खिसा. हात थरथरत होता आणि त्याच्याखाली ठेवलेला कागद सळसळत होता. कंपनीवाला दुसरीकडे बघू लागला.

ठिणगी बाहेर आली. ती ओरडेल, काहीतरी फेकेल, असं मामांना वाटलं. तेवढं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीवरची पिशवी उचलली.

“सांगून टाक ना त्याला,” बाई म्हणाल्या. “परत म्हणेल. घेऊ आपण.”

“मागून घेतलेलं ताई काय कामाचं, बाई?” ती दारातून म्हणाली. “त्याला यातलं काही सांगू नका. कुणीच.”

अल्बम निघाला आणि वणव्यासारखा पसरला. पत्र्याचं दुकान म्हणणारी पोरं तोंडाने गिटार वाजवत फिरू लागली, आणि बडबड म्हणणारे त्या बडबडीला टाळ्या देऊ लागले. केस कापायच्या दुकानात, शाळेच्या फाटकापाशी, गॅरेजमध्ये गाडीखाली झोपलेल्या माणसाच्या तोंडी तेच. आणि ती ओळ आली की सगळे मिळून थांबायचे. *शहाण्यांनो.* कुणी बोट वर धरायचं, कुणी श्वास. त्या शांततेवर लोक जीव टाकत होते. काय धाडस आहे, म्हणत होते.

मामा भाजी घेता घेता ते ऐकायचे आणि पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे.

एकदा स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ते लागलं.

“यात तुमचं काम आहे ना हो?” बायकोने विचारलं.

“आहे. मध्ये जे काही नाही ना, ते माझं.”

तिने त्यांच्याकडे बघितलं, आणि अर्धा भरलेला कप त्यांच्या पुढ्यात सरकवला.

बाईंनी मामांना घालवलं नाही. बटण मात्र दुसऱ्या हाती गेलं. ते मामांनीच सुचवलं. आता ते वायरी अंथरायचे. कार्यक्रमाच्या आधी रंगमंचावर गुडघे टेकून बसायचं आणि वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी दाबत जायचं. या कामाला थरथरणारा हात चालतो. पट्टी दोनदा दाबली जाते, एवढंच.

मोठ्या सभागृहातला पहिला कार्यक्रम संध्याकाळी होता. दुपारी तालीम चालली होती. खुर्च्या रिकाम्या, कुठेतरी कुणी झाडू मारत होतं. गाणं एकदा झालं आणि लंबू वैतागून गिटार घेऊन कडेला आला. मामा तिथेच वाकले होते.

“मामा, तुम्ही तरी सांगा तिला. त्या जागेला कसली थांबते ती! रेकॉर्डवर आहे त्याच्या दुप्पट. ताल पार कोलमडतो. मी मध्ये काहीतरी वाजवून भरून काढतो, तर डोळे वटारते.”

मामा पट्टी दाबत राहिले.

“का थांबते हो?”

कुणीच सांगू नका, असं ती म्हणाली होती. पण विचारणारा समोर उभा होता, आणि टेपवर असलेलं आता फक्त तीन माणसांच्या कानात उरलं होतं. त्यातला एक कान म्हातारा होत चालला होता.

“तिथं तू काहीतरी बोलला होतास,” मामा म्हणाले.

“मी? कधी?”

“टेकच्या दिवशी. तिचा गळा दाटला, तेव्हा. ‘बोल, ताई,’ म्हणालास.”

लंबू हसला. मग हसू अर्ध्यावर राहिलं. “काहीतरीच काय मामा! मी कशाला म्हणेन?”

“म्हणालास.”

“मग ऐकवा बरं.”

“नाही ऐकवता येत. माझ्या हातून पुसलं गेलं.”

लंबूने मामांच्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. चेष्टा आहे का, हे तो शोधत होता. मान हलवत तो म्हणाला, “मला नाही आठवत. मी नसणार म्हणालो.” आणि आपल्या जागेवर गेला.

“ए लंबू, झालं का तुझं तेल-पाणी?” ठिणगी ओरडली. “पहिल्यापासून घे.”

गाणं सुरू झालं. रिकाम्या सभागृहात गिटार भिंतींवर आदळून परत येत होती. मामा रंगमंचाच्या कडेला, तिच्या पायांपासून हातभर अंतरावर, शेवटची वायर चिकटवत होते. पुढे काय येणार ते अंगाला ठाऊक होतं. *चढा, चढा…* त्यांचा अंगठा पट्टीवर दाबला गेला. *कोण ओढतो…*

“शहाण्यांनो!”

आणि ठिणगी थांबली. मागे वळून तिने पाहिलं नाही. ती पाठीनेच ऐकत होती. साथीच्या ढोलवाल्याची काठी हवेत राहिली. मामांनी मान वर केली. लंबूचा हात तारांकडे निघाला होता, मधली जागा भरायला. तो वाटेतच थांबला. मग त्याने अख्खा तळवा तारांवर ठेवला, दाबून, एकही तार चुकूनसुद्धा वाजू नये असा, आणि तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याचे ओठ मिटलेलेच होते.

झाडू मारणाराही थांबला.

मामांनी खाली पाहिलं. त्यांचा अंगठा पट्टीवरून उठला होता. शब्द जिथे संपला, बरोबर तिथे.

“बाबा,” ठिणगी म्हणाली, “आता वर या. दार मी धरलंय.”