जाकिटातले बूट

"दोर माझ्याकडे आहे."

बाबांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी लहान होते, लाल कड्याच्या मध्यावर, दोन्ही हात भेगेत कोंबून, रडू गिळत उभी. खालून बाबा तेवढंच म्हणाले. शाबास नाही, घाबरू नकोस नाही. आणि मी पुढचा हात वर टाकला.

बाबा आयुष्यभर तेवढंच म्हणत आले. आई ज्या सकाळी डेन्व्हरच्या बसमध्ये बसली, त्या सकाळी त्यांनी तिची बॅग उचलून वर ठेवली, खिडकीची काच नीट लागते का तेही पाहिलं. राहा म्हणाले नाहीत. बस सुटेपर्यंत ती त्यांच्या ओठांकडे बघत होती, असं तिनंच पुढे कधीतरी मला सांगितलं.

हॉलिसही त्याच मातीचा. मोआब या आमच्या वाळवंटी गावात, मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. कडे चढायचे बूट झिजले, की लोक त्याच्याकडे आणून टाकतात आणि तो त्यांना नवा रबर चढवतो. हात मोठे, बोलणं थोडं. माझ्या बुटांचे तळ वर्षानुवर्षं त्यानंच बदलले. माझ्या उजव्या बुटाचा अंगठा आधी झिजतो, हे मला त्याच्याकडून कळलं. संध्याकाळचं जेवण बहुतेक एकत्र, सुट्टीचा दिवस एकाच दोराला. गावानं आमची जोडी केव्हाच लावून टाकली होती, फक्त आम्ही दोघांनी ती लावली नव्हती.

त्या जानेवारीत मला अलास्कातून बोलावणं आलं. डोंगरउतारावरचा बर्फ तपासायचा आणि तो कधी कोसळेल ते खालच्या गावांना सांगायचं, अशी नोकरी. दहा दिवसांनी येणाऱ्या सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मी धावत दुकानात गेले आणि हॉलिसला सांगितलं. त्यानं हातातला बूट उलटा केला, सुलटा केला.

"तिथं बर्फ चांगला असतो," तो म्हणाला, आणि कानस उचलून घासायला लागला.

मी परत फिरले. त्यानंतर आठवडाभर दुकानाकडे फिरकले नाही.

शनिवारी आमचा जोडदिवस होता. दर हिवाळ्यात एकदा आम्ही चौघं तो पाळतो. सकाळी ला सालच्या डोंगरावर स्की, दुपारी खाली येऊन लाल कड्यावर चढाई. दोन्ही एकाच सूर्याच्या आत. यातलं एक जरी हुकलं, तर दिवस फुकट आणि ज्याच्यामुळे हुकलं, त्यानं पुढच्या हिवाळ्यापर्यंत डॅरेलची गुलाबी लोकरी टोपी घालायची. ती टोपी डॅरेलच्या कुत्रीनं चावलेली आहे. डॅरेल म्हणजे आमच्यातला वडीलधारा, जन्मभर नदीवर नावा हाकलेला, पोट सुटलेला, पिकअपचा मालक. चौथी शॉन्डीन, ब्लँडिंगच्या शाळेत गणित शिकवते आणि उरलेला वेळ आमची चेष्टा करते.

उजाडता उजाडता आम्ही वर निघालो. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवलेले, पाऊल घसटत घसटत चढण. अ‍ॅस्पेनची उघडी झाडं थंडीनं कडकड वाजत होती. श्वास मफलरवर गोठत होता. अशा थंडीत चढाईचे बूट गाडीत ठेवायचे नसतात, रबर लाकडासारखा होतो आणि मग दगडावर पाय ठरत नाही. म्हणून जोडदिवशी प्रत्येकजण आपले बूट जाकिटाच्या आत, पोटाशी घेऊन फिरतो.

पहिल्या विसाव्याला शॉन्डीननं पोटावरून हात फिरवला. "जुळी झोपलीत गं माझी. हळू बोला."

डॅरेल म्हणाला, त्याच्या पोटात बूट कुठले आणि पोट कुठलं हे त्याचं त्यालाच कळत नाही.

मी हसत हसत माझ्या जाकिटावर हात ठेवला. हात आत गेला. बूट नव्हते. ते कुठे आहेत हेही मला तेव्हाच आठवलं. हॉलिसच्या दुकानात, दाराशेजारच्या खुंटीवर. नवा रबर चढवायला दिले होते आणि आठवडाभर रुसून मी आणायलाच गेले नव्हते.

मी सांगितलं तेव्हा शॉन्डीन बर्फातच बसली. गावात जाऊन यायचं, तर कड्यावरचं ऊन निघून जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. डॅरेलनं पिशवीतून गुलाबी टोपी काढली आणि माझ्या मापाची आहे का ते लांबून बघितलं. शॉन्डीन तिचे बूट द्यायला तयार झाली, पण तिचं पाऊल माझ्यापेक्षा पुष्कळ लहान.

"बोटं दुमडून घाल," ती म्हणाली. "अलास्कात तशीही थंडीनं गळून पडणारच आहेत."

हॉलिसनं पायातला पट्टा आवळला आणि बर्फात वाट पाडत पुढे निघून गेला. माझा संताप मग बुटांवरून त्याच्यावर गेला. अख्खी चढण मी त्याच्या पाठीकडे बघत चढले.

चढण संपता संपत नव्हती, तेव्हा शॉन्डीननं नेहमीसारखं पावलांच्या तालावर गाणं लावलं. पहिल्या ओळी दरवर्षीच्याच:

डोंगरा रे डोंगरा, तुझी टोपी पांढरी,
खाली तुझ्या पायाशी तापे लाल ओसरी.

पुढचं जो तो सुचेल तसं जोडतो. डॅरेलनं टोपीवरून माझ्यावर दोन ओळी केल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मग शॉन्डीननं आवाज चढवला, पुढच्या पाठीला ऐकू जाईल असा:

हॉलिस रे हॉलिसा, तुझ्या तोंडी टाका,
बूट शिवतोस लोकांचे, शब्द शिवतोस का?

पाठ थांबली नाही. फक्त कान लाल झालेले मला मागून दिसले. थंडीनंही असतील.

माथ्यावर ऊन आलं. आम्ही पट्टे सोलून काढले आणि एकेक करून खाली सुटलो. रात्रीचा कोरा बर्फ, पिठासारखा. स्की त्यात शिरायची आणि तो दोन्ही बाजूंनी उसळून तोंडावर यायचा. खाली दूरवर लाल वाळवंट उन्हात पसरलेलं. आपण ढगातून घसरत कुणाच्या तरी अंगणात उतरतोय, असं वाटत होतं. मी रागावलेय हे मी विसरून गेले. पाय गात होते, आपण काय करणार.

हॉलिस सगळ्यात शेवटी आला. अगदी पायथ्याशी बर्फाखाली एक फांदी लपली होती, तिनं त्याची स्की धरली. तो दोनदा गडगडला. एक काठी झाडात गेली, जाकिटाची चेन छातीपासून पोटापर्यंत उसवली आणि आतून बूट बाहेर पडले. एक. दोन. तीन. चार.

शॉन्डीन वाकून बघत राहिली. "अगं बाई. याला तर चौघं झाली."

दोन बूट त्याचे होते. दोन माझे.

डॅरेल इतका हसला, की झाडाला धरून उभा राहिला. मी मात्र हसले नाही. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझे बूट त्याच्याकडे आहेत हे माहीत असून यानं मला सगळी चढण जळत ठेवलं होतं.

"तू विसरशील असं वाटलं," तो बर्फ झटकत म्हणाला. "म्हणून खुंटीवरून घेतले."

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"देणारच होतो की, कड्याशी गेल्यावर."

मी त्याच्या जाकिटाकडे बोट केलं. "हॉलिस, आणखी काय काय आहे त्या जाकिटात?"

त्यानं चारही बूट उचलून परत आत घेतले आणि उसवलेली चेन हातानं आवळून धरली. टोपी कुणाला द्यायची, हा प्रश्न डॅरेलनंही काढला नाही.

कड्याशी पोचलो तेव्हा दगड शेकोटीसारखा ऊब देत होता. लोकरी कपडे झुडपांवर वाळत पडले. आणखी दोन-तीन टोळकी आली होती, त्यांची कुत्री उन्हात लोळत होती. डॅरेलनं हिरव्या मिरचीची आणि राजम्याची बरिटो गाडीच्या टपावर तापत ठेवली. मी हातांना चिकटपट्टी गुंडाळली, हॉलिसनं जाकिटातून काढून दिलेले बूट घातले.

बूट गरम होते. उन्हानं नव्हे, एवढं मला कळत होतं. उजव्या अंगठ्यावर रबराचा एक जादा पातळ थर बसवला होता, मी न सांगता. डोळ्यांत पाणी आलं, क्षणभर कमरेच्या दोराची गाठ दिसेना.

हॉलिसनं माझी गाठ ओढून पाहिली, आपल्या कमरेचा दोर तपासला आणि नेहमीचं वाक्य बोलला.

"दोर माझ्याकडे आहे."

"बाबाही हेच म्हणायचे," मी म्हणाले. "तेवढं पुरत नाही रे, हॉलिस."

तो काही बोलायच्या आत मी वळले आणि हात भेगेत घातला.

भेग सरळ वर जाते, जमिनीपासून आभाळापर्यंत पडलेल्या चिरेसारखी. हात घालायचा, मूठ फुगवायची, पाय तिरका घालून पिळायचा आणि उठायचं. अधूनमधून भेगेत कॅम, म्हणजे पसरून घट्ट बसणारी धातूची पाचर, अडकवून दोर त्यात घालायचा. बूट दगडाला चिकटत होते, अंगठा जिथं ठेवला तिथं ठरत होता. मधे भेग अरुंद होते, तिथं दरवर्षी मी थांबते, शिव्या घालते, खाली बघते. या वेळी खाली पाहिलं नाही. पण हात वर जायच्या आधीच दोर बरोबर तेवढा ढिला होत होता, जास्त नाही, कमी नाही.

वर खडकात ठोकलेली साखळी आली. दोर तिच्यात ओवला आणि मागे टेकले. समोर, फार लांब, डोंगराच्या पांढऱ्या पाठीवर आमच्या सकाळच्या चार रेघा दिसत होत्या. तीन एकमेकींत गुंतलेल्या, चौथी जरा मागून आलेली. दिवस पुरा झाला होता. टोपी कुणाचीच नव्हती.

मी खाली हाक दिली, उतरव म्हटलं.

दोर हलला नाही. पक्का धरलेला, पण हलेना. पुन्हा हाक दिली. तरी नाही. मग वाकून पाहिलं. शॉन्डीन घास हातात धरून थांबली होती. शेजारची टोळकी वर न बघता हॉलिसकडे बघत होती. हॉलिस पाय रोवून उभा, दोन्ही हात दोरावर, चेहरा वर. जो माणूस कुत्र्याला हाक मारतानाही आवाज चढवत नाही, त्यानं छाती भरून श्वास घेतलेला मला एवढ्या उंचीवरून दिसला.

"तिथं बर्फ चांगलाच असेल," तो ओरडला, आणि समोरच्या कड्यानं ते परत ऐकवलं. "तरी जाऊ नकोस. राहा. मला तू इथं हवी आहेस, ऑड्रा."