उन्हात घातलेला खेळ

चांगुणाबाईंच्या गच्चीवर आजवर पापड वाळले होते, कुरडया वाळल्या होत्या. त्यांच्या रेडिओचे दमलेले सेलसुद्धा रोज सकाळी उन्हात बसून, थोडा जीव धरून खाली येत. पण काळ्या पाठीचे, दोन्ही अंगांना पाय असलेले किडे सुपात मांडून ठेवणारा भाडेकरू त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

“काय रं कानिफ, गोमी वाळवतुयास व्हय?”

“चिपा हायेत, मावशी. उन्हानं आतलं लिहिलेलं पुसतं. मंग नवं लिहिता येतं.”

“आजबच म्हनायचं. माझ्या सेलात उन्हानं भरतंय, आन तुझ्या गोमीतलं रितं हुतंय.”

कानिफनाथ हसला नाही. प्रत्येक चिपेच्या पाठीवर काचेची एक बारीक खिडकी होती, आणि कालपर्यंत त्या खिडकीवर काळ्या टेपचा तुकडा होता. ते तुकडे योहानने कात्रीने बेतून चिकटवले होते. कानिफनाथने ते नखाने सोलून काढले होते. चिपांची डबी त्याने आणली होती ती योहानच्या दुकानातल्या ड्रॉवरमधून, योहान जेवायला गेलेला असताना. फेब्रुवारीचे ऊन आठवडाभर लागले की आतला खेळ नाहीसा होणार होता. चोरी म्हणायची तर ती चोरीच होती, पण कानिफनाथ मनाशी तिला उत्तर म्हणत होता.

कशाचे उत्तर, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल.

कानिफनाथ पाथर्डीकडचा, ऊसतोड्यांच्या घरचा. वसतिगृहात राहून शिकला आणि आता नगरला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत होता. योहान नगरचाच, मिशन कंपाउंडात वाढलेला. स्टेशन रोडला त्याचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. परदेशातून चर्चला आलेल्या एका पार्सलात, स्वेटरांच्या खाली, हातात धरून खेळायची राखाडी गेमबॉय यंत्रे निघाली. कंपनीचे खेळ कुणालाच नको होते. त्यांच्या कॅसेटी योहानने उघडल्या, भंगारातल्या कॉम्प्युटरमधून चिपा काढून त्यांत बसवल्या, आणि दोघांनी मिळून स्वतःचा खेळ लिहिला. पडद्यावर बैलगाडी येते, वर एक आकडा येतो. आकड्याइतक्या उसाच्या मोळ्या गाडीत भरायच्या. बरोबर भरल्या की गाडी कारखान्याकडे चालू लागते, एक जरी जास्त झाली तरी बैल बसतो. गाडी, आकडे आणि सगळा हिशोब योहानने लिहिला. बैल कानिफनाथने काढला. आधी पुढचे गुडघे मोडतात, मग मागचे अंग खाली येते, तसाच तो बसायचा.

हा खेळ मालनबाईंच्या शाळेसाठी होता. मालनबाई निवृत्त शिक्षिका. साखर कारखान्याच्या तळावर, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांना, कोप्यांना लागून, पत्र्याच्या एका खोलीत त्या पोरांना शिकवत.

सगळे जमत आले होते. तेवढ्यात योहानच्या परदेशात नर्स असलेल्या जेनिफर मावशीने नवे यंत्र पाठवले, रंगीत पडद्याचे. तिथून दोघांची तोंडे दोन दिशांना झाली. कानिफनाथने रंगीत पडद्यासाठी तोच खेळ नव्याने लिहायला घेतला. योहानने महिनाभर पाहिले आणि मग एक दिवस विचारले, हा खेळ कुणासाठी?

“पोरांसाठी.”

“जुना खेळ जुन्यात चालतो, नव्यातही चालतो. तुझा फक्त नव्यात चालणार. आणि पोरांकडं नवं नाहीये.”

“म्हनूनच. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनवारी कारखान्याचे संचालक शाळा बघाया येनार हायेत. त्यांना रंगीत दाखवलं तर सगळ्यांना रंगीत मिळंल. जुन्यावर भागतंय म्हनल्यावर नवं कोन देतंय?” कानिफनाथचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “दुसऱ्याची पुस्तकं, दुसऱ्याचे सदरे, दुसऱ्याच्या चपला. माझं सगळं शिक्षान लोकांच्या उरल्यासुरल्यावर झालंय. आता खेळसुदिक उरलेलाच द्यायचा?”

“तुला पोरांना शिकवायचं नाहीये. तुला संचालकाला रंग दाखवायचेत.”

“आन तुला पार्सल वाटायची सवय हाय, कंपाउंडातली.”

योहानच्या हातातला सोल्डरिंगचा पेन तसाच राहिला आणि खाली धरलेली वायर जळून वास सुटला. त्या दिवसापासून दोघे कामापुरतेच बोलत होते, आणि काम फारसे उरले नव्हते. शेवटी योहानने निकाल देऊन टाकला की त्या शनिवारी जुनाच खेळ जाईल, चिपा भरून तयार आहेत. त्यानंतरच ती डबी चांगुणाबाईंच्या सुपात आली.

आठवड्याने कानिफनाथने सूप आवरले तेव्हा एक चिप कमी भरली. कावळ्याने नेली असेल असे त्याला वाटले. चकाकणारे काहीही तो सोडत नाही. उरलेल्या घेऊन तो सरळ दुकानात गेला आणि काउंटरवर ठेवल्या.

योहानने खिडक्यांकडे पाहिले. टेप कुठेच नव्हती. त्याने एक चिप लिहिण्याच्या यंत्रात बसवली, वाचली, काढली. दुसरी बसवली. रिकामी. सगळ्या रिकाम्या.

“माझ्या ड्रॉवरमधनं.”

“आपल्या,” कानिफनाथ म्हणाला. “फ्लॉपीवर हाय की तुझा खेळ. नंतर लिही परत. आता माझा लिहून दे.”

योहान उठला. त्याने ड्रॉवरमधून फ्लॉपी काढली आणि कॉम्प्युटरमध्ये घातली. आतून करकर आवाज आला, थांबला, पुन्हा आला. त्याने फ्लॉपी बाहेर ओढली, तिचे पत्र्याचे झाकण सरकवले आणि कानिफनाथच्या डोळ्यांपुढे धरली. काळ्या चकतीवर पांढरे ठिपके उमटले होते. बुरशी.

“पावसाळ्यात धरली. दिवाळीत सांगितलं होतं तुला. क्लासमधल्या कॉम्प्युटरवर आहे तेवढीच कॉपी राहिली, जपून ठेव.”

कानिफनाथला आठवले. योहान काहीतरी सांगत होता खरा, पण तो तेव्हा रंग निवडत होता. आणि संक्रांतीनंतर, रंगीत खेळाला जागा पुरेना म्हणून, त्याने तो जुना खेळ कॉम्प्युटरवरून पुसला होता. योहानकडे असेलच, या भरवशावर.

“मी… ते जागा करताना…”

“पुसलास.”

योहानने चिपा एकेक करून डबीत भरल्या आणि झाकण लावले.

“नीघ.”

“शनवारी काय दाखवायचं मंग? माझा तर लिहून दे.”

“तुझ्या खेळाला माझं यंत्र हात लावणार नाही. नीघ, कानिफ. गिऱ्हाईक येतंय.”

गिऱ्हाईक येत नव्हते. रस्ता रिकामा होता.

कानिफनाथने तळाकडे जाणारी जीप धरली. मालनबाईंनी एक शब्द टाकला की योहान ऐकेल, हे त्याला माहीत होते, कारण योहानला दुसरीत त्यांनीच शिकवले होते. बाई शाळेच्या दारात बसून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आकडे रंगवत होत्या. त्याने सगळे सांगितले. चिपा उन्हात घातल्याचेही सांगितले, पण ते भरभर. बाईंनी मान वर केली नाही. सातचा आकडा रंगवून होईपर्यंत थांबल्या.

“तुझ्या खेळावर एका वेळी किती पोरं खेळतील?”

“सध्या येक. पन संचालकांनी मनावर घेतलं की…”

“आणि बाकीची?”

“बघतील.”

“बघत बसायला त्यांना शिकवावं लागत नाही, बाळा. जन्मल्यापासून दुसऱ्याचं बघतच आलीत ती.”

ते कानिफनाथला लागले. हेच तर तो म्हणत होता. त्याने तिरसटून विचारले, “मंग जन्मभर जुनंच का, बाई?”

बाईंनी ब्रश पाण्यात बुडवला. “तुझं चुकलं असं मी म्हटलं नाही,” त्या म्हणाल्या. “पट्टा पडला, हंगाम संपून कारखाना बंद झाला, की माझी पोरं आपापल्या गावाला जातील. संचालकांचं मन व्हायला किती दिवस लागतील, ते तू सांग.”

परत येताना जीपमध्ये त्याला बसायला जागा होती, तरी तो मागे लटकून आला.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईंनी त्याला जिन्यातच गाठले. सेल पडू नयेत म्हणून त्या त्याच सुपाच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राची जाड घडी ठेवून तिच्यावर ते मांडत. रोज सेल उचलायच्या, घडी तिथेच राहायची. आज ती झटकली, तर खालून गोम पडली.

“ही घे तुझी. माझ्या सेलाखाली सावलीला बसली हुती. हुशार हाय.”

कानिफनाथ चिप घेऊन वर गच्चीवर गेला. घडीखाली आठवडाभर ऊन पोचलेच नव्हते. म्हणजे आत योहानची गाडी होती, आकडे होते, बैल होता. जगात हा खेळ आता एवढाच उरला होता, त्याच्या तळहातावर, उघड्या खिडकीसकट. आणि सूप अजून तिथेच होते, रिकामे, ऊन खात.

पुन्हा आठवडाभर ठेवली की संपले. योहानला कधीच कळणार नव्हते. मग लिहायला एकच खेळ राहिला असता, आणि राग गिळून का होईना, योहानला तोच लिहावा लागला असता. शनिवार हुकला असता, पण पुढच्या हंगामात संचालक पुन्हा आलेच असते. कानिफनाथने चिप सुपात ठेवली. उभा राहिला. पत्र्याच्या खोलीत एका यंत्राभोवती जमलेली पोरे त्याला दिसली. खेळणारे एक आणि बघणारी बाकीची. बघणाऱ्यांत सगळ्यात मागे कोण उभे असते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तिथे तो पुष्कळ वर्षे उभा होता.

त्याने चिप उचलली, अंगठ्याने खिडकी झाकली आणि खाली येऊन चांगुणाबाईंकडे एक टिकली मागितली.

दुकानात त्याने काउंटरवर चिप ठेवली तेव्हा योहान तिच्याकडे नाही, खिडकीवरच्या लाल टिकलीकडे पाहत राहिला.

“हे काय?”

“चांगुणामावशीची हाय. वाच आधी.”

योहानने वाचली. पडद्यावर आकड्यांच्या ओळी भराभर उतरल्या, मग गाडी आली, मग बैल. योहानने मोळ्या भरत नेल्या, एक जास्त भरली, बैल गुडघे मोडून बसला. योहानने श्वास सोडला, पण कानिफनाथकडे पाहिले नाही. त्याने खेळ दोन नव्या फ्लॉप्यांवर उतरवला, दोन्ही ड्रॉवरमध्ये ठेवल्या, कुलूप लावले आणि किल्ली कानिफनाथच्या समोर आपल्या खिशात टाकली. मग एकेक रिकामी चिप भरायला घेतली. आभार मानले नाहीत. कानिफनाथनेही माफी मागितली नाही. तो दारात उभा राहून टेपचे तुकडे कापून देत राहिला, आणि योहान ते घेत राहिला.

शनिवारी संचालक आले. पोरे भिंतीला टेकून, दाराशी, बाहेर उन्हात, जिथे पडदा नीट दिसेल तिथे राखाडी यंत्रे घेऊन बसली होती. थोड्या वेळाने बाईंच्या लक्षात आले की बरोबर मोळ्या कुणीच भरत नाहीये. सगळी मुद्दाम एक जास्त भरत होती, बैल बसवायला. बाई खूश झाल्या. एक जास्त भरायची तर बरोबर किती, हे आधी मोजावेच लागते.

संचालकही खूश झाले. त्यांनी एक यंत्र हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. “वा, छान भागतंय की तुमचं,” म्हणाले, चहा प्याले आणि गेले.

त्यांची जीप धुळीत दिसेनाशी झाल्यावर कानिफनाथ योहानजवळ जाऊन उभा राहिला. “म्हनलं हुतं.”

“म्हणाला होतास,” योहान म्हणाला.

तेवढ्यात दाराशी बसलेल्या एका मुलीने कानिफनाथला हाक मारली. तिने यंत्र पुढे केले. बैल बसला होता.

“ह्यो उठतो कवा?”

“मोळी उतरवली की उठतो.”

“मंग उतरव.”

कानिफनाथने यंत्र हातात घेतले आणि बटणावर बोट ठेवून थांबला. मोळी उतरवायचे बटण नव्हते. बैल बसला की खेळ पहिल्यापासून सुरू व्हायचा. भरायचे दोघांनी लिहिले होते. उतरवायचे कुणालाच सुचले नव्हते.

“म्हणजे वजाबाकी राहिलीच,” बाई मागून म्हणाल्या. “अजून पट्टा पडला नाही.”

कानिफनाथने योहानच्या खिशाकडे पाहिले, जिथे किल्ली होती. योहानने ते पाहिले.

“किल्ली माझ्याकडंच राहील.”

“ऱ्हाऊ दे. बैल उठताना मलाच काढावा लागंल. दुकान सोमवारी उघडं असतं का?”

“दुकान सगळ्यांनाच उघडं असतं,” योहान म्हणाला आणि नगरच्या जीपमध्ये जाऊन बसला. शेजारी त्याने आपली पिशवी ठेवली.

कानिफनाथ त्याच जीपच्या मागे लटकला.